चांदणी लावलेलं वाक्य

सोलापूर,
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय सई,

आशीर्वाद तुला आहेतच, पण ते शेवटी देते. सगळं वाचून झाल्यावर घ्यावेसे वाटले तर घे. फोन का नाही केला म्हणशील. अगं, केला की! तू उचलतेस, आई पटकन बोल म्हणतेस, आणि मी जेवलीस का, तिकडं पाऊस आहे का, एवढं विचारून ठेवून देते. आवाज रेकॉर्ड करून पाठवावा म्हटलं, तर तू तो जपून ठेवशील आणि मी कुठं अडखळले तिथं खुणा करत बसशील. माणसांचं बोलणं तपासायचा तुझा धंदाच तो. म्हणून कागद घेतलाय. इथं निदान माझं तोंड तुला दिसत नाही.

इकडचं सांगते. ऑक्टोबर लागला तरी ऊन हटायला तयार नाही, गच्चीवरची तुळस रोज मान टाकते. शेजारच्या मथुराबाईंना नात झाली, बारशाला आख्ख्या गल्लीला जेवण होतं. तुझे बाबा गुडघ्याला तेल चोळत बसतात आणि डॉक्टरला नावं ठेवतात. तू मेलवर पाठवलेला प्रबंध त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला, त्याला स्पायरल लावून घेतलं, आणि आता घरी येईल त्याच्यापुढं चहाच्या आधी तो ठेवतात. आतलं इंग्रजी ना त्यांना झेपत, ना येणाऱ्याला. मग पहिलं पान उघडून त्यावरचं एकुलतं एक मराठी वाक्य मोठ्यानं वाचतात, माझ्या आईस, जिच्या बोलण्यावर हे सगळं उभं आहे. परवा दूधवाल्यालासुद्धा वाचून दाखवलं. ते वाचायला लागले की मी उठून आत जाते. बाबांना वाटतं मला भरून येतं. भरून कसलं येतंय! लाज वाटते गं, सई. इतकी लाज मला आजवर कशाची वाटली नव्हती.

मी तो प्रबंध वाचलाय. शब्दकोश मांडीवर घेऊन बसले होते. मराठी शिकवण्यात जन्म गेला, इंग्रजी आपलं कामापुरतं. बाकीचं डोक्यावरून गेलं, पण चौथं प्रकरण कळलं, कारण ते तू मला मे महिन्यात स्वयंपाकघरात ओट्यावर बसून समजावलं होतंस. आठवतं? तू म्हणालीस, मी हा शब्द मोठा लबाड आहे, ज्याच्या तोंडात जातो त्याचा होतो. तू बोललीस की तुझा, मी बोलले की माझा. मग दुसऱ्याचं बोलणं आपण कुणाला सांगायला गेलो, तर त्यातला मी कुणाचा? मी म्हटलं, त्याचाच की, शब्द त्याचे आहेत. तू खूश झालीस. शेंगाचटणीचा डबा पुढ्यात ओढलास आणि म्हणालीस, बरोबर, पण ते शब्द म्हणजे हा झाकण लावलेला डबा. आहे तसा उचलून द्यायचा, आत हात घालायचा नाही. आता एखाद्यानं त्याचा मी तसाच ठेवला आणि त्याच्या बोलण्याच्या आत आपला स्वतःचा प्रश्न घुसवला, तर ती नुसती नक्कल उरत नाही. मग वाक्याच्या बांधणीतच काहीतरी सोय असली पाहिजे, जी हा मी एकाच्या हातातून काढून दुसऱ्याच्या हातात देते. काही भाषांत ती सोय असते, काहींत नसते, आणि ती का असते यावरून मोठमोठी माणसं भांडतायत म्हणालीस. कन्नडमध्ये ती तुला सापडली होती. मग कन्नडच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या आपल्याकडच्या मराठीत आहे का, हा तुझा प्रश्न. आणि तुझं उत्तर, नाही. दोघी एका बाजारात बसल्या, एकमेकींचे शब्द घेतले, हेल घेतला, पण बांधणी मात्र घेतली नाही. तुझे हैदराबादचे सर या उत्तरावर फिदा आहेत. सगळा प्रबंध त्या एका नाहीवर उभा आहे, आणि ते नाही माझं आहे.

जे वाक्य होऊच शकत नाही त्याच्यापुढं तुम्ही लोक चांदणी काढता. मला त्याचं पहिल्यांदा हसू आलं होतं. मी शाळेत चांगल्या निबंधावर लाल शाईनं चांदणी काढायची, पोरं ती घरी नेऊन दाखवायची. तुमच्यात चुकल्याला चांदणी! चौथ्या प्रकरणात तशी एक चांदणी आहे, आणि तिच्यापुढं हे वाक्य, बाबा मी काय आणतो म्हणून गेले? खाली तू लिहिलंयस, या भागातल्या लोकांना हे वाक्य अशक्य वाटतं.

अशक्य! अगं, मी ते वाक्य बोलत लहानाची मोठी झाले.

माहेरी, मैंदर्गीला, आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा शिवशरण, बाजाराच्या दिवशी अक्कलकोटला जायचे ते आम्ही उठायच्या आधीच. डोळे चोळत मी आणि तुझी केरामावशी चुलीपाशी जायचो आणि आईला विचारायचो, अण्णा मी काय आणतो म्हणून गेले? मी आणतो, हे अण्णांचं. काय, हे आमचं. आई म्हणायची, चिरमुरे. कधी म्हणायची, रिबिनी. कधी म्हणायची, काय सांगितलं न्हाय, गप बसा. पण मी म्हणजे कोण गं, असं तिनं कधी विचारलं नाही. तुझ्या त्या डब्याचं झाकण आमच्या घरी कुणी लावलंच नव्हतं, सई. आम्ही दोघी कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या असायचो.

मग लग्न होऊन सोलापुरात आले. ईरम्माची शकुंतला झाले. नाव काय, तेव्हा सगळ्यांचंच बदलायचं. मी बोलणंही बदललं. हे घर सगळं मास्तरांचं. नवी नवी होते तेव्हा एकदा पाहुण्यांसमोर मी तुझ्या आजीला विचारलं, मामंजी मी कवा येतो म्हणून गेले? सगळे हसले. दुष्टपणानं नाही गं, गंमत वाटली म्हणून. तुझे बाबाही हसले. त्यांना आज ते आठवतही नाही. मला मात्र त्या दिवसापासून तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात एकदा वाचून बघायची खोड लागली. पुढं डीएड केलं, शाळेत लागले, सगळ्या गल्लीची मास्तरीणबाई झाले. इथवरचं मी स्वतःला माफ करते. नव्या घरात निभावून न्यायचं तर माणूस काय काय करतं.

पण मे महिन्यात तू विचारलंस तेव्हा काय निभवायचं होतं मला? मथुराबाई आणि त्यांची जाऊ, दोघी अक्कलकोटकडच्या, त्यांना मीच बोलावून आणलं होतं. पोहे केले होते. तू आधीच बजावलं होतंस की बरोबर-चूक विचारत नाहीये, तुम्ही कसं बोलता तेवढंच सांगा. मग ते वाक्य वाचलंस. समोर लॅपटॉपवर तुझे सर चष्मा सावरत बघत होते. आणि माझ्या मनात आलं, आता यांना कळणार, सईची आई कुठली आहे ते. कुणी काही बोलायच्या आत मी म्हणाले, नाही हो, असं कुणी बोलत नाही, हे चुकीचं आहे. मथुराबाईंनी तोंड उघडलं होतं. आमच्यात तर, इतकं म्हणाल्याही होत्या. मी त्यांच्या कपात चहा ओतला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, बाई म्हणतात तसंच. जावेनंही मान हलवली. तू तिघींच्या नावापुढं नाही असं लिहून टाकलंस. त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून तू मला ते डब्याचं समजावलंस. तेव्हाही सांगता आलं असतं. पण तू इतकी आनंदात होतीस, आई तू ग्रेट आहेस म्हणत होतीस. मी चटणीचा डबा उचलून फळीवर ठेवून दिला.

इतकंच झालं असतं तर कदाचित मी हे पोटात घेऊन गेले असते. पण ऑगस्टमध्ये इथल्या कॉलेजात तुझं व्याख्यान ठरलं, आणि मला हौस! केराला फोन केला, भाचीला बघायला ये म्हटलं. ती मैंदर्गीहून पहिल्या एसटीनं आली, ठेवणीतलं इरकल नेसून, कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून. माझ्या शेजारी बसली. तू अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलत होतीस. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तुझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, मधूनच माझ्या मांडीवर चापट मारत होती. मग तू पडद्यावर ते वाक्य आणलंस, मराठीत वाचलंस आणि म्हणालीस, असं या भागात कुणी बोलत नाही. केराला वाटलं, पोरगी विचारतेय. ती बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली, बोलतात की! आमी बोलतो की गं. अण्णा मी काय आणतो म्हणून गेले, असं रोज इचारायचो. तुजी आई बी इचारायची. लोक हसले. तूही हसलीस, प्रेमानंच हसलीस. आणि माइकवरून मला विचारलंस, आई, तू बोलतेस का असं?

सगळी माणसं वळून बघायला लागली. केराही बघत होती, हसऱ्या तोंडानं. आता अक्का सांगते बघा म्हणून.

मी मान हलवली. नाही म्हटलं.

केराचं हसू लगेच गेलं नाही, तेच मला जास्त लागलं. तिनं ते तोंडावर तसंच धरून ठेवलं, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि म्हणाली, मग माजंच चुकलं असंल, मी अडाणी माणूस. लोक पुन्हा हसले, आणि तू पुढच्या चित्राकडं गेलीस. तुझा काही दोष नाही, बाळा. तू आईवर विश्वास ठेवलास, एवढंच. कार्यक्रम झाल्यावर केरा जेवायला थांबेना. गुरांचं बघायचंय म्हणाली. गुरं तिनं कधीच विकलीत. मी तिला स्टँडवर सोडायला गेले, तर रिक्षात आख्खा रस्ता ती माझ्याशी शुद्ध बोलत होती. अक्का, तू उन्हात फिरू नकोस. अक्का, मी पोहोचल्यावर फोन करीन. एकेक शब्द तपासून बाहेर काढत होती. माझी पाठची बहीण, आणि ती माझ्याशी माझ्यासारखं बोलायला लागली. कर्म माझं!

आता तुझ्या प्रबंधात ती आहे. नाव नाही. त्या चांदणीच्या पानाच्या तळाला, बारीक अक्षरात. एका वयस्क, निरक्षर बाईनं हे वाक्य शक्य असल्याचं सांगितलं, परंतु इतरांनी दुजोरा न दिल्यानं ते धरलेलं नाही. एवढा अर्थ लावायला मला सकाळ गेली. अर्थ लागला तेव्हा शब्दकोश मिटला आणि गॅसवर काय ठेवलं होतं तेही विसरले, भात करपला. इतर म्हणजे कोण, सई? मीच की. पहिल्या पानावर माझी आरती, आणि केरा तळाला, कुणी न धरलेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मैंदर्गीला गेले. बाबांना म्हटलं, केराला सोनं देऊन येते. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली, हात पुसले आणि म्हणाली, ये ना अक्का, बस ना. बस ना! जन्मभर मला बस की म्हणणारी केरा. मी तिच्यासमोर खालीच बसले, मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सांगून टाकलं. केरा, मी खोटं बोलले. लोकांच्या भ्यानं बोलले. तिनं पुढ्यातली टरफलं बाजूला लोटली. मग म्हणाली, लोक हसले त्याचं मला काय न्हाय अक्का, लोक हसतातच. पर तू न्हाय म्हणलीस तवा मला वाटलं, मी सपान बघितलं का काय. अण्णा, आई, त्ये चिरमुरं, समदं माज्या एकटीचंच व्हतं का काय. आता इचारायला तुज्याबिगर कोन ऱ्हायलंय मला?

सई, मी तिथं अंगणात बसून रडले. गल्लीतल्या बाया बघत होत्या, तरी रडले. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही, तोंडच नव्हतं. दोघींनी मिळून टोपलीभर शेंगा फोडल्या. मग ती उठून आत गेली, चहा करून आणला, माझ्यापुढं आदळला आणि म्हणाली, पी की. तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

आणि म्हणून हे पत्र. दिवाळीच्या आधी तू प्रबंध देणार आहेस. देऊ नकोस. मी काय मागतेय ते मला कळतं. वर्ष वाया जाईल, सर चिडतील, चौथं प्रकरण पाडून पुन्हा बांधावं लागेल, कदाचित सगळंच. पण ती चांदणी पूस. माझा तो नकार खोड, पहिलं पान काढून टाक, आणि तळाची ती बारीक ओळही. मी ते वाक्य बोलते, हे आता सांगून काही उपयोग नाही, ते मलाही कळतं. जिचं नाही खोटं होतं तिचा होकार तरी कशावरून खरा, असं तुझे सर विचारतील, आणि बरोबर विचारतील. माझ्यावर ठेवूच नका विश्वास. मथुराबाईंना मी घरात नसताना विचार. त्याआधी केराकडं जा. मी येणार नाही, ओसरीवरसुद्धा बसणार नाही. तिला वाक्य वाचून दाखवू नकोस. नुसतं शेंगा फोडायला बस, ती बोलेल ते ऐक. जाताना भाकरीचं नाव काढ, म्हणजे तुला उपाशी सोडणार नाही. आशीर्वाद शेवटी देते म्हटलं होतं ना? तेही तिच्याकडूनच घे, माझ्याकडचे अजून द्यायच्या लायकीचे झाले नाहीत. परतताना मी एसटीत बसले, तर केरा खिडकीपाशी आली, चटणीचा डबा आत दिला. गाडी हलली तशी दोन पावलं बरोबर चालली आणि ओरडून विचारलं, काही न तपासता, अगदी पहिल्यासारखं, अक्का, सई मी कवा येते म्हणून म्हणली? तोवर गाडी वळली. तूच कळव, काय सांगू?

तुझीच,
आई